पान उलटू का?

प्रिय मावशी,

तुमच्या सदरात सासूच्या, नोकरीच्या, कर्जाच्या प्रश्नांना उत्तरं असतात. त्यात माझा प्रश्न कसा दिसेल माहीत नाही, पण तीन आठवडे डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते.

मी २६ वर्षांची आहे, मुलुंडला राहते, ऑफिस करी रोडला. दीड वर्षापूर्वी एक इंग्रजी रोमँटसी, म्हणजे जादूच्या जगातली प्रेमकथा, वाचली. नदीला हाक मारू शकणारी मुलगी आणि पलीकडच्या तीरावरच्या शत्रूच्या राज्यातला पहारेकरी. माझी मैत्रीण ठाण्याहून ८.१२ ची स्लो पकडते आणि माझी जागा धरते. आम्ही दोघींनी एकाच प्रतीतून, पुस्तक दोघींच्या मांडीवर ठेवून, ते वाचलं. मी भरभर वाचते. पान संपलं की विचारायचे, ‘उलटू?’ ती म्हणायची, ‘थांब.’

दुसऱ्या भागाची चौदा महिने वाट पाहिली. प्री-ऑर्डर केली, पार्सल आलं त्या दिवशी सुट्टी टाकली. पहाटे तीनला पुस्तक मिटलं आणि मी रडले. ज्या दोघांनी एकमेकांची भाषा शिकली, ते आता एकमेकांशी बोलतच नाहीत. तो काहीतरी लपवतो, ती विचारत नाही, अशी तीनशे पानं. मध्येच एक राजपुत्र उगवतो. नदीच्या जादूची जी किंमत होती ती कुठे गेली, कळत नाही. भाऊ म्हणाला, ‘परीकथेसाठी कोण रडतं?’ आई म्हणाली, ‘आता मोठी झालीस, म्हणून नसेल आवडलं.’

आणि मैत्रिणीला ते खूप आवडलं. मी गाडीत सगळ्यांसमोर तिला म्हणाले, ‘तुला नुसतं वाचता येतं, कळत काही नाही.’ तेव्हापासून मी ८.२३ ने जाते. तिसरा भाग पुढच्या वर्षी येतोय. वाचू का? लेखिकेला पत्र लिहू का? आणि मी वेडी आहे का?

– हिरवी रेशमी खूण, मुलुंड

*

प्रिय हिरवी रेशमी खूण,

वेडी नाहीस. एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. मला मावशी म्हणालीस, म्हणून मीही ‘तू’च म्हणते.

तुझं पत्र आल्यावर मी दोन्ही भाग मागवून वाचले. नावं इथे छापत नाही, ज्यांनी अजून वाचले नाहीत त्यांचा रस मला नासवायचा नाही. पहिल्या भागाने मला दोन रात्री झोपू दिलं नाही. दुसरा मलाही जड गेला. माझं वय ५८ आहे. तेव्हा ‘मोठी झालीस म्हणून आवडलं नाही’ हे आईचं म्हणणं मनाला लावून घेऊ नकोस. वयानेच गोडी जात असती तर पहिला भागही माझ्या हातून कधीच सुटला असता. पुस्तक कमी पडलंय, तुझी नजर शाबूत आहे. आणि रडण्याबद्दल भावाला काही समजावत बसू नकोस. चौदा महिने मनात वागवलेली माणसं परत भेटली आणि ओळख देईनाशी झाली, तर कुणालाही रडू येईल.

एक जुनी गोष्ट सांगते. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. माझी आई आणि शेजारच्या काकू वाचनालयाची एकच वर्गणी भरायच्या, पुस्तक दोन्ही घरांत फिरायचं. एकदा त्यांच्या हाती दोन भागांची एक अद्भुतरम्य कादंबरी लागली. हरवलेली अंगठी, वेषांतर करून फिरणारा राजपुत्र, सगळं होतं. पहिला भाग संपतो तेव्हा नायिका एकटी होडीत बसते आणि धुकं उतरतं. दुसरा भाग आणायला गेल्या तर वाचनालयातले गृहस्थ म्हणाले, ‘बाहेर गेलाय.’ पुढच्या शनिवारी, ‘बाहेर गेलाय.’ असे तीन महिने गेले. तेवढ्यात दोघींनी गॅलरीत बसून वाल सोलता सोलता दुसरा भाग स्वतःच रचला. इकडे परातीत डाळिंब्या पडत आणि तिकडे होडी किनाऱ्याला लागे. एखाद्या दिवशी काकू म्हणायच्या, ‘काल आपण तिला फार लवकर सोडवलं, आज परत पकडू या.’ मी शेजारी बसून ऐकायचे.

शेवटी खरा दुसरा भाग आला. आईने तो दोन रात्रीत वाचला, काकूंना चार लागल्या. आई म्हणाली, ‘आपला बरा होता.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘तिने त्याच्याशीच लग्न केलं ते मला पटलं नाही. पण ते जाऊ दे, लिहिणाऱ्याची मर्जी. पहिल्या भागात तिला अक्षर ओळखता येत नव्हतं ना? मग होडीत ती चिठ्ठी वाचते कशी?’

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. पुढे खूप पुस्तकं वाचली, पुस्तकांवर लिहिलेलंही वाचलं, पण दुसऱ्या भागाबद्दल इतकं नेमकं बोलणं मला फार थोड्या ठिकाणी सापडलं. आईने दोन तक्रारी वेगळ्या केल्या. लग्न तिच्या मनासारखं झालं नाही, ती एक. पुस्तकाने स्वतःच दिलेला शब्द मोडला, ती दुसरी. पहिली तिने लेखकाला माफ केली, दुसरी केली नाही.

तूही हेच कर. पेन्सिल घे, दुसरा भाग पुन्हा उघड, आणि जिथे जिथे मन खट्टू झालं होतं तिथे समासात एक अक्षर लिही. मनासारखं झालं नाही तिथे ‘म’. पुस्तकाने शब्द मोडला तिथे ‘श’. घाई करू नकोस, रोज वीस पानं पुरेत.

मी माझ्या प्रतीवर हे करून पाहिलंय. राजपुत्र हा ‘म’. तो आल्याचा मलाही राग आला, पण तो येणार नाही असं पहिल्या भागाने कुठे म्हटलं नव्हतं. तुझ्या मनातल्या पुस्तकात तो नव्हता, एवढंच. चौदा महिने तू तुझा दुसरा भाग रचत होतीस, आई आणि काकूंसारखा. तो पुस्तकाइतकाच खरा होता आणि तो छापून आला नाही, याचं दुःख करायला हरकत नाही. पण त्याचा हिशोब लेखिकेकडे मागता येणार नाही.

नदीची किंमत मात्र ठळक ‘श’. पहिल्या भागात नियम काय होता? नदीला हाक मारली की त्या मुलीची एक आठवण जाते. आधी आजीच्या घराच्या दाराचा रंग गेला. मग एक गाणं. मग धाकट्या बहिणीचं लहानपणीचं बोबडं नाव. म्हणून तर शेवटच्या प्रकरणात ती हाक मारायला तोंड उघडते आणि तो धावत येऊन तिच्या ओठांवर हात ठेवतो, तेव्हा काळजात धस्स होतं. पुढची जाणारी आठवण त्याचीच असली तर? सगळं प्रेम त्या एका हातात आलंय. आणि दुसऱ्या भागात ती अकरा वेळा नदी बोलावते, मी मोजलं. एकदाही काही जात नाही आणि कुणी ‘का जात नाही’ असं विचारतही नाही. अद्भुतात काहीही चालतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी अद्भुत मन लावून वाचलेलंच नाही. तिथे तर नियम जास्त काटेकोर लागतो, कारण आपल्या पायाखाली दुसरी जमीन नसते. इथे तो नियम प्रेमाला बांधलेला होता. तो सुटला, आणि त्याच्याबरोबर ओठांवर ठेवलेल्या हाताचाही अर्थ गेला. तू पहाटे तीनला रडलीस ती बहुधा याचसाठी, आणि तुझी आई म्हणते त्या वयाशी त्याचा काही संबंध नाही.

तीनशे पानांच्या अबोल्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. रोमान्स वाचणाऱ्या मुली ज्याला ‘मिसकम्युनिकेशन’ म्हणून नाक मुरडतात, त्यातलाच हा प्रकार. एका वाक्यात सुटेल असा गैरसमज, आणि ते वाक्य कुणी बोलायचं नाही. पण आठव, पहिल्या भागात त्या दोघांचा करार होता: समोरच्याच्या भाषेत कधी खोटं बोलायचं नाही. आता दुसऱ्या भागातला बाजाराचा प्रसंग काढून बघ. ती त्याला विचारते, ‘रात्री कुठे होतास?’ आणि इतके दिवस तिच्या भाषेत बोलणारा तो एकाएकी स्वतःच्या भाषेत उत्तर देतो. ती काहीच म्हणत नाही. हातातल्या भाकरीचे दोन तुकडे करते आणि मोठा तुकडा त्याला देते. तिला कळलंय. अख्ख्या दोन भागांत मला याहून सुंदर पान दिसलं नाही. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. रागाच्या भरात वाचताना ते हातून निसटलं असेल. लेखिकेने हाच धागा पुढे ओढला असता तर तो अबोला सोसवला असता. तिने तो सोडून दिला आणि राजपुत्राच्या मागे गेली. म्हणून तिथे मी ‘श’ लिहिलंय, पण फिक्या पेन्सिलीने.

असं का होतं तेही थोडं सांगते. रोमान्सच्या मालिका चालतात तेव्हा बहुतेक वेळा प्रत्येक पुस्तकात जोडपं बदलतं. आधी थोरली बहीण, मग धाकटी, मग त्यांची मैत्रीण. एका जोडप्याचं जुळलं की गोष्ट पुरी होते. फँटसीच्या मालिकेत तीच माणसं भागामागून भाग चालत राहतात, कारण राज्य अजून वाचवायचं असतं. या दोन्ही चाली एकत्र आल्या आणि दुसऱ्या भागापुढे पेच उभा राहिला. जोडपं तर जुळलं, आता उरलेल्या पाचशे पानांत त्यांचं करायचं काय? एकत्र राहणाऱ्या दोन माणसांबद्दल लिहिणं फार अवघड असतं, म्हणून पुष्कळ जण त्यांना पुन्हा तोडतात. तोडायला तिसरा माणूस किंवा गुपित, ही दोन हत्यारं हाताशी असतातच. तुझ्या पुस्तकाने दोन्ही वापरली.

शिवाय घाई. रिबेका यारोसचं ‘फोर्थ विंग’ मे २०२३ मध्ये आलं आणि त्याचा पुढचा भाग ‘आयर्न फ्लेम’ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. सहा महिने. या प्रकारच्या पुस्तकांचा बाजार आता असा पळतो. टॉल्किनचं ‘द हॉबिट’ १९३७ मध्ये निघालं, प्रकाशकाने लगेच पुढचं मागितलं, आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हाती पडायला १९५४ उजाडलं. सतरा वर्षं वाचकांना ताटकळत ठेवावं असं मी म्हणणार नाही. पण नदीची किंमत विसरली गेलीय हे लक्षात यायला हस्तलिखित काही महिने बाजूला पडून राहावं लागतं. ते इथे पडलेलं दिसत नाही.

दुसरा भाग नेहमी फसतोच असंही नाही. सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीचा पहिला भाग १६०५ चा. लोकांना तो इतका आवडला की १६१४ मध्ये भलत्याच कुणीतरी टोपणनावाने खोटा दुसरा भाग छापला. सर्व्हांतेसने १६१५ मध्ये स्वतःचा खरा दुसरा भाग काढला आणि त्यात अशी माणसं आणली, ज्यांनी पहिला भाग वाचलेला आहे. त्याच्या गोष्टीतच वाचक वावरतात. तो दुसरा भाग पहिल्याहून सरस मानणारे पुष्कळ आहेत. मीही त्यातली.

लेखिकेला पत्र लिही. शेरलॉक होम्सला आर्थर कॉनन डॉयलने १८९३ मध्ये धबधब्यात ढकललं, वाचकांनी संतापून पत्रं धाडली, आणि १९०३ मध्ये त्याला होम्स जिवंत करावा लागला. वाचकांचा शब्द अगदीच वाया जात नाही. मात्र तुझ्या पत्रात फक्त ‘श’च्या जागा घाल. आणि भाकरीचं पानही घाल. लिहून झालं की आठवडाभर ठेव, पुन्हा वाच, मग पाठव.

तिसऱ्या भागाची प्री-ऑर्डर करू नकोस, सुट्टी टाकू नकोस. येऊ दे. दोन-चार महिन्यांनी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत मिळेल, नाहीतर कुणाचं तरी वाचून झालेलं मागून घे. पहिली पन्नास पानं वाच. नदीची किंमत परत आली असेल तर पुढे जा. नसेल तर मिटून परत दे. पहिला भाग तुझाच आहे, तो कपाटात पुढच्या रांगेत राहू दे. तो संपतो तिथे, ओठांवरच्या हातापाशी, थांबायचा तुला पूर्ण हक्क आहे.

आता मैत्रीण. खरं सांगायचं तर तुझ्या पत्रातलं मला हेच लागलं.

काकूंबद्दल एक सांगायचं राहिलंय. आईने चिठ्ठीवरून तो प्रश्न काढला तेव्हा काकू वाल सोलायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मला तर तीच जागा सगळ्यात आवडली.’ आई चकित झाली. काकू म्हणाल्या, ‘शिकली असेल. मी नाही का शिकले?’ काकूंना लग्नानंतर अक्षरओळख झाली होती. त्याच गॅलरीत, माझ्या आईकडून, माझ्या भावाच्या पाटीवर. म्हणून तर त्यांना दोनाच्या चार रात्री लागायच्या. धुक्यात एकटी होडीत बसलेली बाई कागद उलगडते आणि तिला तो वाचता येतो, हे त्यांनी काय जिवाने वाचलं असेल!

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तरी लेखकाने लिहायला हवं होतं ते, कधी शिकली, कशी शिकली.’ काकू म्हणाल्या, ‘हो, ते हवं होतं.’ आणि दोघी पुन्हा सोलायला लागल्या.

तुझी मैत्रीण दुसऱ्या भागात कुठे थांबली, हे तू तिला विचारलंस का? पत्रावरून तरी वाटत नाही. कदाचित भाकरीच्या पानावर थांबली असेल. कदाचित अशा एखाद्या जागी, जी तुला आणि मला दोघींनाही दिसली नाही. जी ‘थांब’ म्हणते ती तुझ्याहून सावकाश वाचते, कमी समजून नाही. आणि तू तिला जे म्हणालीस ते पुस्तकाबद्दल नव्हतंच. ते तिच्याबद्दल होतं, आणि भरल्या लेडीज डब्यात, जिथे रोजच्या बायका ओळखीच्या असतात. तिला दुसऱ्या दिवशी त्याच बायकांमध्ये बसून जावं लागलं. तू ८.२३ पकडलीस, तिच्याजवळ तोही मार्ग नव्हता, तिची गाडी तीच आहे.

पुस्तकाबद्दलचं मत मागे घेऊ नकोस. खोटं ‘मलाही आवडलं गं’ म्हणून समेट करशील तर तिला ते लगेच कळेल, आणि मग पुढे कुठल्याच पुस्तकाबद्दल तुम्ही खरं बोलू शकणार नाही. माफी त्या एका वाक्याची माग. व्हॉट्सॲपवर नको. जिथे बोललीस तिथेच, त्याच डब्यात, त्याच बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात. ‘त्या दिवशी मी तुला जे बोलले ते चुकीचं होतं, मला वाईट वाटतंय.’ एवढंच. ‘पण’ जोडू नकोस.

सोमवारी ८.१२ पकड. तिने कदाचित तुझी जागा दुसऱ्या कुणाला दिली असेल. तीन आठवडे कोण जागा धरून ठेवेल? मग उभी राहा तिच्यासमोर, दांडी धरून. पहिल्या दिवशी पुस्तक पिशवीतून काढू नकोस. ती रागावलेली असली तर तिला रागावू दे, करी रोडला उतर, आणि मंगळवारी परत ८.१२ नेच जा.

आणि बोलणं सुरू झालं की एखाद्या दिवशी तुझी ‘म’ आणि ‘श’ची प्रत तिच्या हाती दे, एक वेगळ्या रंगाची पेन्सिलही दे, आणि तिला म्हण, तुला जिथे आवडलं तिथे तुझी खूण कर, मला बघायचंय. मग पुन्हा दोघींच्या मांडीवर ठेवून पहिल्या पानापासून बघा. ती ‘थांब’ म्हणाली तर थांब. भांडुप गेलं, कांजूर गेलं, एकाच पानावर घाटकोपर आलं, तरी थांब.

तुझी,
मावशी